मुक्या घंटेचे कोडे

डिसेंबरातील एका संध्याकाळी विरार लोकलच्या डब्यात एक गृहस्थ मुलीसाठी घेतलेला गॅसचा फुगा सांभाळत उभे होते. गर्दी इतकी की खिडकीतला वारा मधल्या माणसांपर्यंत पोहोचत नव्हता, त्यामुळे फुगा दोऱ्याच्या टोकाशी निश्चल तरंगत होता. गाडीने स्थानक सोडले. उभी माणसे किंचित मागे रेलली, छताच्या कड्या मागे झुकल्या, आणि फुगा मात्र पुढे, विरारच्या दिशेने कलला. पुढच्या स्थानकात ब्रेक लागले तेव्हा सारे प्रवासी पुढे आणि फुगा मागे. त्या मुलीने वडिलांना कारण विचारले. वडील म्हणाले, "त्याला घरी जायची घाई आहे."

उत्तर सुंदर होते. पण आम्हांला ते पुरेना. आम्ही तिघेही मराठीचे अध्यापक. दहावीनंतर विज्ञानाशी उघड काडीमोड घेतलेले आणि वसई-विरार पट्ट्यातून रोज ये-जा करणारे. भाईंदरच्या खाडीवरून गाडी पुढे सरकेपर्यंत आमच्यातील एकाने उलगडा केला. गाडी वेग घेऊ लागली की डब्यातली हवाही माणसांसारखीच मागे राहू पाहते. मागच्या बाजूस ती थोडी अधिक दाटते, आणि हवेहून हलक्या असलेल्या फुग्याला तीच दाट हवा पुढे ढकलते. गाडीचा वेग दर सेकंदाला सेकंदास अर्धा मीटर या हिशेबाने वाढत असेल, तर कड्या सुमारे तीन अंश मागे झुकाव्यात आणि फुगा तितकाच पुढे. तीन अंश म्हणजे फार नव्हे, पण पाहणाऱ्याला दिसतात.

हा छंद आम्हांला कसा जडला, हे विद्यार्थी कधीतरी विचारतात. मूळ याकोव पेरेलमान यांच्या पुस्तकात आहे. सोव्हिएत काळातील स्वस्त, जाड पुठ्ठ्याची पुस्तके मुंबईच्या प्रदर्शनांत मिळत. त्यांत १९१३ साली प्रथम निघालेल्या त्यांच्या मनोरंजक भौतिकीचे इंग्रजी भाषांतर आमच्यातील एकाला मिळाले. पेरेलमान यांचे १९४२ साली, वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राडमध्ये उपासमारीने निधन झाले, हे आम्हांला पुष्कळ नंतर कळले. त्यांच्या पुस्तकात दोरी, शिडी, गाडे, पाण्याची बादली, झोपाळा अशा घरगुती वस्तू असतात आणि त्यांच्याविषयी असा प्रश्न असतो, की ज्याचे पहिले सुचलेले उत्तर हमखास चुकते. साहित्याच्या अध्यापकाला हा अनुभव नवा नाही. कवितेचा पहिला लागलेला अर्थ असाच असतो.

गतिशास्त्रातील कोड्यांना स्वतःचा इतिहास आहे आणि तो मोठा खेळकर आहे. १६९६ साली योहान बेर्नुलीने जगातील गणितज्ञांना जाहीर आव्हान दिले होते : वरच्या बिंदूपासून बाजूच्या खालच्या बिंदूपर्यंत मणी घसरत न्यायचा आहे, कमीत कमी वेळात पोहोचायचे तर तार कशी वाकवावी? सरळ रेषा हे उत्तर नव्हे. १६९७ च्या जानेवारीत टांकसाळीतून थकून आलेल्या न्यूटनच्या हाती ते कोडे पडले आणि पहाटेपर्यंत त्याने सोडवून टाकले, अशी हकीकत आहे. (त्याच जानेवारीत छत्रपती राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते. दोन घटनांचा परस्परांशी संबंध काहीच नाही. पण आपल्या तारखांशेजारी परक्या तारखा लिहून ठेवण्याची आम्हांला सवय आहे.)

आपल्याकडे मात्र ही कोडी खेळ म्हणून आली नाहीत, ती परीक्षा म्हणून आली. केंब्रिजच्या ट्रायपॉस परीक्षेत शिड्या, कप्प्या, घरंगळणारे गोळे यांची कोडी घालून वर्षानुवर्षे बुद्धीची पारख होत असे, आणि तीत पहिल्या वर्गात येणाऱ्यास 'रँग्लर' म्हणत. शब्दाचा मूळ अर्थ वाद घालणारा, हुज्जतखोर. १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनियर रँग्लर झाले आणि हा हुज्जतखोर शब्द मराठीत एकदम सोवळा होऊन 'रावबहादूर'च्या पंक्तीत नावाआधी बसला. रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी, रँग्लर नारळीकर. किती आदर! आणि त्या आदराखाली कोड्याची मौज किती दबून गेली! ती कुठे जिवंत राहिली असेल तर घरांत. जयंत नारळीकरांनी 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रात बनारसच्या घरातील फळ्याची आठवण सांगितली आहे. मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, त्या फळ्यावर भाच्यासाठी आव्हानाचे गणित लिहून ठेवीत, आणि ते सुटेपर्यंत तसेच राहू देत. गुण नाहीत, वेळेचे बंधन नाही, फक्त फळ्यावरून न पुसलेला प्रश्न. आमच्या मते गणितशिक्षणावरील अनेक अहवालांचे काम त्या एका फळ्याने केले असते. असो.

असा एक न पुसलेला प्रश्न आमच्याही वर्गात येऊन पडला, त्याची ही हकीकत आहे.

पेशवेकालीन गद्याचा तास चालू होता. वसईत हा विषय शिकवताना खिडकीबाहेर बोट दाखवावे लागते. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि दोनशे पाच वर्षांनी, १७३९ च्या मे महिन्यात, चिमाजी अप्पांनी ती घेतली. सुरुंग, सॅन सेबॅस्टियनचा बुरूज, खिंडारातली कापाकापी, मग तह आणि शरण आलेल्या सैन्याला दिलेली सन्मानाची वाट, हा भाग विद्यार्थ्यांना पाठ असतो. त्यानंतर ओघाने घंटा आल्या. वसईच्या चर्चमधील घंटा मराठ्यांनी नेल्या आणि त्या महाराष्ट्रातील देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात आहे ती, भीमाशंकरला आहे ती, वाईजवळ मेणवलीला आहे ती.

नंदाखालहून येणारा एक विद्यार्थी उभा राहिला. "सर, त्या घंटा लुटल्या की जिंकल्या?"

मागच्या बाकावरून कुणीतरी तत्काळ म्हणाले, "जिंकल्या." मग वर्गात अशी शांतता झाली की जी मोडण्याचे काम अध्यापकाचेच असते. आमच्या वर्गात वाडवळ, सामवेदी, आगरी, कोळी, देशावरून आलेले, कोकणातून आलेले, हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सारेच असतात. त्या वेढ्याच्या दोन्ही अंगांची नातवंडे एकाच बाकावर बसून एकाच वहीतून टिपणे उतरवून घेतात. त्या दिवशी आम्ही वेळ मारून नेली. 'दोन्ही क्रियापदे आपापल्या जागी आहेत' असे काहीसे बोललो. घंटा झाली (कॉलेजची) आणि सुटका झाली. शिक्षकखोलीत मात्र आमच्यातील एकाने व्याकरणाचा मुद्दा काढला. "सैन्याने घंटा लुटल्या, सैन्याने घंटा जिंकल्या. दोन्ही वाक्यांत घंटा कर्म आहे. घंटा कर्ता असलेले एखादे वाक्य आपल्याला येते का?"

घंटा कर्ता असेल तर ती काय करते? हलते आणि वाजते. इथून आम्ही पुन्हा आमच्या छंदाकडे आलो, आणि त्या वाटेवर जर्मनीतील कोलोन शहर लागले.

कोलोनच्या कॅथीड्रलसाठी १८७४ साली एक प्रचंड घंटा ओतली गेली. १८७०-७१ च्या युद्धात फ्रेंचांकडून हस्तगत केलेल्या तोफा सम्राट पहिल्या विल्हेल्मने त्यासाठी दिल्या होत्या. आधीचे ओतकाम दोनदा फसले. तिसऱ्या खेपेस घंटा उतरली. वजन सुमारे सत्तावीस टन, नाव 'ग्लोरिओसा', लोकांच्या तोंडी सम्राटाची घंटा. ती वर चढवली, माणसे लावून झुलवली, आणि ती वाजली नाही. मोडली नव्हती, अडली नव्हती. डौलात झुलत होती. पण आतला लोलक तिच्याबरोबर तसाच झुलत राही, जणू तिच्या पोटात चिकटवलेला. बाजूला लागायचा नाही. साम्राज्याच्या विजयाची घंटा मुकी निघाली, आणि लोकांनी तिला 'कोलोनची मुकी' म्हणायला सुरुवात केली. वेल्टमान नावाच्या गृहस्थांनी १८७६ साली एका तांत्रिक नियतकालिकात तिच्या मौनाची मीमांसा केली. तेव्हापासून गतिशास्त्राच्या अभ्यासकांत हे कोडे प्रसिद्ध आहे.

('लोलक' या शब्दाविषयी जाता जाता. शाळेच्या पुस्तकात लोलक म्हणजे प्रकाशाचे सात रंग करणारी काच, आणि घड्याळात हलतो तो लंबक. पण लोलणे म्हणजे डुलणे हा धात्वर्थ पाहता घंटेतल्या लोलकाचा हक्क अधिक जुना वाटतो. काचेचे लोलक झुंबराला टांगलेले असत, म्हणून ते नाव काचेकडे गेले असावे.)

मौनाचे कारण समजण्यास गणिताची भीती बाळगण्याचे कारण नाही. पाळणा डोळ्यांसमोर आणावा. पाळण्याला एक खुळखुळा बांधला आहे. पाळणा आपल्या तालाने झुलतो, खुळखुळा आपल्या तालाने. दोन ताल निराळे असतील तर खुळखुळा कधीतरी काठावर आपटेल. पण दोघांचे ताल असे जुळले, की पाळणा जिथे जाईल तिथे त्याच क्षणी खुळखुळाही जाऊ पाहतो, तर आपटायचे कुणावर? एकमेकांशी संपूर्ण सहमत असलेल्या दोन माणसांत संवाद होत नाही, तसे हे आहे.

ताल जुळणे म्हणजे नेमके काय, हे मोजता येते. दोऱ्याला बांधलेला खडा झुलतो तेव्हा त्याचा ताल केवळ दोऱ्याच्या लांबीवर ठरतो. साधारण एक मीटर दोरा असेल तर इकडून तिकडे जायला एक सेकंद लागतो. घंटा म्हणजे खडा नव्हे, तिचे वस्तुमान पसरलेले असते. तरी तिच्या तालाशी जुळणारा एक खडा-दोरा शोधता येतो. त्या दोऱ्याच्या लांबीला घंटेची समतुल्य लांबी म्हणू. ही लांबी कशी काढावी हे कोडे मेर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्याने १६४६ साली पत्रातून ख्रिस्तियान हॉयगेन्सला घातले होते. हॉयगेन्स तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि त्याला ते सुटले नाही. पुढे सुटले, आणि १६७३ साली, म्हणजे शिवराज्याभिषेकाच्या आदल्या वर्षी, लंबकाच्या घड्याळावरील त्याच्या ग्रंथात ते छापले गेले. पोरवयात हरवलेले कोडे सत्तावीस वर्षांनी असे फेडले गेले.

आता कोलोनची अट एका वाक्यात सांगता येते. घंटेच्या आसापासून लोलकाच्या खुंटीपर्यंतचे अंतर आणि लोलकाची स्वतःची समतुल्य लांबी, या दोहोंची बेरीज घंटेच्या समतुल्य लांबीइतकी भरली की घंटा मुकी. उदाहरणार्थ, घंटेची समतुल्य लांबी १०० सेंटिमीटर आहे, लोलक आसाखाली २० सेंटिमीटरवर टांगला आहे आणि त्याची समतुल्य लांबी ८० आहे : वीस आणि ऐंशी शंभर, संपले. इथे लोलक घंटेच्या मानाने हलका धरला आहे.

विश्वास बसेना म्हणून आम्ही शिक्षकखोलीत प्रयोग केला. तीस सेंटिमीटरची लाकडी पट्टी घेतली. हॉयगेन्सच्या हिशेबाने एका टोकाशी टांगलेल्या अशा सरळ पट्टीची समतुल्य लांबी तिच्या लांबीच्या दोन तृतीयांश, म्हणजे वीस सेंटिमीटर. पट्टीच्या टोकाशी भोक पाडून ती खिळ्यावर टांगली. खिळ्याखाली पाच सेंटिमीटरवर एक बारीक टाचणी, तिला दोरा, दोऱ्याला काचेचा मणी. दोरा दहा सेंटिमीटर ठेवला तेव्हा पट्टी झुलली की मणी पट्टीशी फारकत घेऊन मागेपुढे भरकटे. मग दोरा पंधराचा केला. पाच आणि पंधरा वीस. पट्टी आणि दोरा एका रेषेत धरून बाजूला नेले, सोडले, आणि मणी पट्टीवर रंगवलेला असावा तसा तिच्याबरोबर जात-येत राहिला. हलके झुलवा की जोरात, फरक नाही. इतिहासाचे एक सहकारी उत्तरपत्रिका तपासत होते, ते उठून आले आणि त्यांनी तीनदा स्वतः पट्टी सोडून पाहिली. आमच्या आयुष्यात आम्ही घडवलेले हे एकमेव मौन.

या पट्टीने आमचा वसईच्या घंटांकडे पाहण्याचा कोन बदलला. आजवर आम्ही त्यांच्यावरची अक्षरे पाहत होतो : मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी, नाशिकच्या घंटेवर १७२१. आता प्रश्न असा पडला की या घंटा टांगल्या कशा आहेत.

मेणवलीला कृष्णेच्या घाटावर, मेणेश्वराच्या देवळासमोर, छोट्या दगडी मंडपात ती घंटा आहे. ('स्वदेस' चित्रपटामुळे घाट आता सर्वांच्या ओळखीचा झाला आहे; घंटेकडे फार थोडे बघतात.) वजन साडेसहाशे किलो सांगतात. ती झुलत नाही. तिचा लोलक हाताने हलवून टोला द्यायचा. देवळातील घंटेची रीतच ती : घंटा स्थिर, लोलक हलता, आणि हलवणारा भक्त. चर्चच्या मनोऱ्यात पुष्कळदा याच्या उलट असते. तिथे खालून दोर ओढून आख्खी घंटा झुलवतात, आणि लोलक तिच्या मागे राहतो म्हणून बाजूवर आदळतो. युरोपात याचे संप्रदायही आहेत. मध्य युरोपात घंटा झोपाळ्यासारखी झुलते. इंग्लंडात ती तोंड वर करून उभी करतात आणि पूर्ण फेरा देतात. स्पेनमध्ये वर जड लाकडी जोखड बसवून तिला तोलतात आणि गरगर फिरवतात.

मेणवलीच्या त्या मंडपात घंटा झुलवली तर काय होईल, हे पुढचे कोडे. झोपाळ्याचा एक विलक्षण नियम आहे : दोर आडवा होईपर्यंत झोका वर नेऊन सोडला, तर तळाशी येताना दोराला बसणारा ताण वजनाच्या तिप्पट असतो, मग दोर लांब असो वा आखूड. म्हणजे साडेसहाशे किलोची घंटा खालच्या टप्प्यावर जवळजवळ साडेएकोणीसशे किलोची होते. आणि मधल्या टप्प्यावर, पंचेचाळीस अंशांत, ती आधाराला आडवे ओढते ते वजनाच्या दीडपट, सुमारे पावणेदहाशे किलोने. एकदा इकडे, एकदा तिकडे. प्रत्यक्ष घंटेचे वस्तुमान पसरलेले असल्यामुळे आकडे काहीसे कमी भरतील, पण जात तीच. उभे वजन पेलणे दगडाला सोपे असते. आडवा ओढा त्याला सोसत नाही. म्हणून झुलणाऱ्या घंटेला मनोरा लागतो, रुंद पायाचा, जाड भिंतींचा. वसईच्या किल्ल्यात सेंट जोसेफच्या कॅथीड्रलचा मनोरा आजही उभा आहे. त्याच्याकडे आम्ही शेकडो वेळा पाहिले होते आणि दरवेळी तो उंच का, याचेच उत्तर दिले होते : आवाज दूर जावा म्हणून. तो जाड का, हे कधी विचारले नव्हते.

स्थिर घंटेला एवढा खटाटोप लागत नाही. चार खांब आणि एक तुळई. त्यामुळे ती मनोऱ्यावरून उतरून माणसाच्या हाताच्या उंचीवर येऊ शकते. आणि इथे आम्हांला वाटले की यांत्रिक फरकाच्या आत दुसरा एक फरक आहे. मनोऱ्यातील घंटा लांबच्यांना हाक घालते. ती सकाळ, दुपार, संध्याकाळची प्रार्थना सांगते, लग्न सांगते, कुणी गेल्याचे सांगते; ती वाजवणारा एक, ऐकणारे गाव. देवळातील घंटा जो तो स्वतः वाजवतो, आणि ऐकणारा समोर असतो. पूजेत घंटानादाचा जो श्लोक म्हणतात त्याचा आशयही देवांनी यावे आणि दुष्टांनी जावे असा आहे; गावाने यावे असा नाही. वसईहून निघालेल्या घंटेचा सूर बदलला नाही, धातू बदलला नाही, अंगावरची मेरीही कुणी खरवडली नाही. मात्र तिची हालचाल थांबली, आणि त्याबरोबर तिच्या वाक्यातला श्रोता बदलला. 'लुटल्या' आणि 'जिंकल्या' या दोन्ही क्रियापदांत ही गोष्ट येत नाही.

त्यात कालगणनेची आणखी एक गंमत आहे. मेणवलीची घंटा चिमाजी अप्पांनी देवळाला वाहिली, असे सर्रास लिहिले जाते. अप्पा १७४० च्या डिसेंबरात वारले. मेणवलीचा वाडा आणि घाट ज्या नाना फडणविसांचा, त्यांचा जन्म १७४२ चा. नारोशंकराचे देऊळही १७४७ चे. तेव्हा वसई पडली आणि घंटा पालखीतून थेट देवळात गेल्या, हे चित्र तारखांत बसत नाही. विजय एका पिढीचा, टांगणे दुसऱ्या पिढीचे. शिवाय युरोपीय अक्षरे असलेली कोणतीही जुनी घंटा वसईची म्हणण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. १७३९ नंतरचे साल कोरलेली घंटा दिसली तर ती वसईच्या वेढ्यातली नव्हे, एवढे तरी गणित करावे.

त्या वितळवल्या कशा गेल्या नाहीत, हाही प्रश्न आहे. युद्धात घंटांचे प्राक्तन साधारणपणे तोफ होणे हे असते. मात्र धातू थोडा आडवा येतो. घंटेच्या काशात शंभरात वीस-बावीस भाग कथील असते. त्याने नाद येतो, पण काच जशी तडकते तसा ठिसूळपणाही येतो. तोफेच्या काशात कथील दहाच्या आसपास. घंटा जशीच्या तशी ओतून तोफ केली तर ती गोलंदाजालाच घेऊन फुटायची. आधी भरपूर तांबे मिसळावे लागते. पण तेवढ्याने कुणी थांबत नाही. कोलोनची घंटा मुळात फ्रेंच तोफांची. १९१८ साली, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, शस्त्रांसाठी तिचाही पुन्हा धातू झाला. तोफ, घंटा, परत धातू : चव्वेचाळीस वर्षांत चक्र पुरे. मेणवलीची घंटा तीनशे वर्षांहून अधिक काळ घंटाच राहिली आहे.

पुढल्या आठवड्यात पट्टी आणि मणी घेऊन आम्ही वर्गात गेलो. लुटल्या की जिंकल्या याचे उत्तर आणले नाही, एक कोडे आणले आहे, असे प्रांजळपणे सांगितले आणि कोलोनची गोष्ट सांगितली. नंदाखालच्या त्या विद्यार्थ्याने पट्टी तीन-चारदा सोडून पाहिली. मग म्हणाला की त्याचे आजोबा तरुणपणी चर्चचा दोर ओढायला जात. "आजोबा सांगायचे, नव्या पोराला वाटतं जोर लावायचा असतो. जोर लावला की दोरच वर खेचून नेतो. ती परत यायला लागली की थोडं ओढायचं, गेली की सोडायचं. दहा-बारा झोक्यांनी ती आपणहून बोलते." अनुनादाचे याहून नेटके वर्णन आम्ही कोणत्या पाठ्यपुस्तकात वाचलेले नाही. एकटा माणूस शेकडो किलोंचे धूड हलवतो ते ताकदीने नव्हे, वेळ साधून. प्रत्येक झोक्याला थोडी थोडी भर घालून.

मग मागच्या बाकावरचा तो 'जिंकल्या' म्हणणारा विद्यार्थी पुढे आला. त्याचे गाव वाईकडचे. सुट्टीत मेणवलीला जाऊन लहानपणी त्याने ती घंटा वाजवली होती. लोलक किती जड होता, तो दोन्ही हातांनी कसा रेटावा लागे, हे तो हातवारे करून दाखवू लागला. "एकाच बाजूला मारायचो. दुसरीकडे पोहोचतच नव्हता," तो म्हणाला.

यावर नंदाखालच्या मुलाने जे विचारले ते आमच्यापैकी कुणालाही सुचले नव्हते. झुलणारी घंटा दोन्ही अंगांनी आळीपाळीने मार खाते, म्हणजे आतून समोरासमोर दोन जागी झिजणार. टांगून ठेवलेली घंटा एकाच जागी मार खाणार. मग मेणवलीच्या घंटेच्या आत किती खळगे असतील? १७०७ ते १७३९ अशी बत्तीस वर्षे ती मनोऱ्यात झुलली असेल तर दोन समोरासमोरचे फिकट खळगे, आणि त्यानंतर भक्तांनी पाडलेला एक खोल, शक्य आहे की तिसऱ्याच जागी. जुने दोन नसतील तर वसईतही ती झुलत नसे.

वर्गात दोन तट पडले. एकाचे म्हणणे दोन खळगे, दुसऱ्याचे तीन. आणि ते तट कोणत्याही जुन्या रेषेवर पडले नव्हते. वाईची सहल फेब्रुवारीत ठरली आहे. वाकून आत पाहावे लागेल, म्हणून एक टॉर्च, आणि मापासाठी तीच तीस सेंटिमीटरची पट्टी बरोबर न्यायची आहे.